कंटेनरमधला आयपीएफएस नोड : उभारणी, बिघाड आणि उपाय

आयपीएफएस म्हणजे इंटरप्लॅनेटरी फाइल सिस्टिम. फाइल एकाच कंपनीच्या सर्व्हरवर ठेवण्याऐवजी समान दर्जाच्या अनेक संगणकांनी ती साठवायची आणि मागेल त्याला थेट एकमेकांतच द्यायची, अशी ही व्यवस्था आहे. हुआन बेनेट यांनी २०१४ मध्ये तिचा आराखडा मांडला आणि २०१५ मध्ये ती वापरासाठी खुली झाली. या जाळ्यातल्या प्रत्येक संगणकाला नोड म्हणतात. नोड चालवण्यासाठी बहुतेक जण वापरतात त्या प्रोग्रॅमचे नाव कुबो. २०२२ पर्यंत तो गो-आयपीएफएस या नावाने ओळखला जात होता. कुबो थेट संगणकावर बसवता येतो, तसाच डॉकरच्या कंटेनरमध्येही चालवता येतो.

कंटेनरचा मार्ग सोपा वाटतो आणि पहिल्या दहा मिनिटांपुरता तो खरोखरच सोपा असतो. एक कमांड दिली की नोड सुरू होतो, पडद्यावर 'डिमन तयार आहे' अशा अर्थाचा संदेश येतो आणि काम झाले असे वाटते. प्रत्यक्षात तीन वेगळ्या गोष्टी तपासायच्या राहिलेल्या असतात. कंटेनर चालू आहे का, ही पहिली. त्यातल्या फाइली कंटेनर गेल्यावरही टिकतील का, ही दुसरी. बाहेरच्या कुणाला त्या मिळतात का, ही तिसरी. डॉकर यांपैकी फक्त पहिलीचे उत्तर देतो, आणि नोडच्या बहुतेक तक्रारी उरलेल्या दोन गोष्टींतून निघतात.

फाइलचा पत्ता आणि तिचे तुकडे

बिघाड शोधायचा तर आतली रचना थोडी माहीत हवी. नोडमध्ये फाइल घातली की तिचे तुकडे पडतात. तुकड्याचे वर्षानुवर्षे रूढ असलेले माप २५६ किलोबाइट. प्रत्येक तुकड्याचा गणिती ठसा काढला जातो. हे ठसे एकत्र जोडून संपूर्ण फाइलचा एक ठसा तयार होतो, त्याला सीआयडी म्हणतात. वेबवरचा नेहमीचा पत्ता फाइल कुठे आहे ते सांगतो, सीआयडी फाइल कोणती आहे ते सांगतो. फाइलमधले एक अक्षर बदलले तरी सीआयडी बदलतो. त्यामुळे फाइल कुठूनही आली तरी ती अस्सल आहे की नाही, हे घेणाऱ्याला स्वतःच पडताळता येते.

पण सीआयडी हातात असला तरी ती फाइल कुणाकडे आहे, हे शोधावे लागते. त्यासाठी सगळे नोड मिळून एक विखुरलेली वही सांभाळतात. ही वही २००२ मध्ये मांडलेल्या कॅडेम्लिया या पद्धतीवर चालते. 'अमुक सीआयडी माझ्याकडे आहे' अशी नोंद नोड त्या वहीत करतो. ही नोंद कायमची नसते, ४८ तासांनी ती बाद होते. म्हणून कुबो साधारण दर २२ तासांनी आपल्या सगळ्या नोंदी पुन्हा करतो. नोड दोन दिवस बंद राहिला, तर फाइल त्याच्या डिस्कवर सुखरूप असूनही जगाच्या दृष्टीने ती नाहीशी होते.

एक गैरसमज इथेच दूर केलेला बरा. आयपीएफएसवर फाइल 'चढवली' म्हणजे ती आपोआप जगभर पसरत नाही. ती फक्त ज्याने घातली त्याच्या नोडवर असते. दुसऱ्याने मागितली, तर त्याच्या नोडवर तिची तात्पुरती प्रत राहते, आणि त्याने ती मुद्दाम 'पिन' केली तरच ती तिथे टिकते. २०१७ च्या एप्रिलमध्ये तुर्कस्तानने विकिपीडियावर बंदी घातली, तेव्हा तुर्की विकिपीडियाची एक प्रत आयपीएफएसवर ठेवण्यात आली. ती वाचता येत राहिली, कारण तिच्या प्रती जतन करणारे नोड चालू ठेवलेले होते. पैसे देऊन दुसऱ्याच्या डिस्कवर जागा घेण्याची व्यवस्था, म्हणजे फाइलकॉइन, ही वेगळी आहे. कुबो चालवला म्हणून ती आपोआप मिळत नाही.

उभारणी

कुबोची अधिकृत डॉकर प्रतिमा डॉकर हबवर 'आयपीएफएस/कुबो' या नावाने मिळते. ती घेताना 'लेटेस्ट' या खुणेवर विसंबण्याऐवजी ठरावीक आवृत्तीचा क्रमांक लिहावा. नोडच्या साठ्याचीही स्वतःची एक आवृत्ती असते. नवा कुबो जुना साठा स्वतःच नव्या रचनेत बदलून घेतो, पण जुन्या कुबोला नवा साठा वाचता येत नाही. 'लेटेस्ट'मुळे नकळत नवी आवृत्ती आली, ती पटली नाही म्हणून जुनी परत लावली, आणि नोड 'साठ्याची आवृत्ती प्रोग्रॅमपेक्षा पुढची आहे' असे सांगून बंद पडला, हा प्रकार नेहमीचा आहे. आवृत्ती बदलण्याआधी नोड थांबवून साठ्याची प्रत काढून ठेवली, तर परतीची वाट मोकळी राहते.

कंटेनरला यजमान संगणकावरचे दोन फोल्डर जोडायचे असतात. पहिला कंटेनरमधल्या 'डेटा/आयपीएफएस' या जागी. नोडचा सगळा साठा, सेटिंगची फाइल आणि नोडची खासगी किल्ली तिथेच असते. दुसरा 'एक्स्पोर्ट' या जागी, नोडमध्ये घालायच्या फाइली आत नेण्यासाठी. दुसऱ्या फोल्डरचे महत्त्व पहिल्याच दिवशी कळते. कंटेनरमध्ये 'अ‍ॅड' कमांड देऊन घरच्या संगणकावरच्या फाइलचा मार्ग लिहिला, की 'अशी फाइल नाही' असे उत्तर येते. नोड खोटे बोलत नसतो, कंटेनरच्या आतून ती फाइल खरोखरच दिसत नाही. ती आधी एक्स्पोर्टला जोडलेल्या फोल्डरमध्ये ठेवावी लागते आणि कमांडमध्ये आतला मार्ग लिहावा लागतो. आणखी एक हिशेब : फाइल घातली की तिचे तुकडे साठ्यात वेगळे लिहिले जातात, मूळ फाइल आहे तिथेच राहते. म्हणजे ४० जीबीचा संग्रह घालायचा, तर दोन्ही मिळून ८० जीबी जागा हवी.

पोर्ट तीन आहेत आणि तिघांचे स्वभाव अगदी वेगळे आहेत. ४००१ हे इतर नोडशी बोलण्याचे पोर्ट, ते जगाला उघडे हवे. ते टीसीपी आणि यूडीपी या दोन्ही प्रकारांसाठी उघडावे लागते. डॉकरला नुसता क्रमांक दिला तर तो फक्त टीसीपी धरतो. यूडीपीची ओळ राहून गेली की क्विक या वेगवान पद्धतीने होणारी जोडणी बाहेरून येतच नाही आणि नोड चालतो पण लंगडत. ८०८० हे गेटवेचे पोर्ट, साध्या ब्राउझरमधून फाइल पाहण्यासाठी.

तिसरे ५००१. या पोर्टाबाबत कितीही सावध राहिले तरी कमीच. नोडला हुकूम देण्याचे हे दार आहे आणि मुळात त्याला कुलूप नाही. जो तिथवर पोहोचला तो फाइली घालू शकतो, पिन काढू शकतो, सेटिंग बदलू शकतो, नोड बंदही करू शकतो. कुबो थेट संगणकावर बसवला तर हे दार फक्त त्याच संगणकापुरते उघडते. कंटेनरमध्ये मात्र प्रतिमेची सुरुवातीची मांडणी ते सगळ्या दिशांना उघडते, कारण तसे केले नाही तर यजमान संगणकालाही ते दिसणार नाही. म्हणून पोर्ट जोडताना ५००१ च्या आधी १२७.०.०.१ हा पत्ता लिहायलाच हवा, म्हणजे दार घराच्या आतल्या बाजूलाच राहते. ८०८० लाही तेच लागू करावे. गेटवे जगाला खुला ठेवला, तर अनोळखी लोक त्यातून कुठल्याही सीआयडीची फाइल मागवतात आणि तक्रारी येतात त्या नोडच्या मालकाकडे. गेटवे खुला ठेवायचाच असेल, तर स्वतःच्या साठ्यात नसलेले काहीही आणू नये असे सेटिंग त्यात करता येते.

लिनक्सवर 'यूएफडब्ल्यू' ही फायरवॉल लावलेली आहे, म्हणून निर्धास्त राहणेही धोक्याचे. डॉकर पोर्ट उघडताना स्वतःचे नियम यूएफडब्ल्यूला वळसा घालून लावतो. फायरवॉलच्या यादीत ५००१ बंद दिसत असताना ते बाहेरून सताड उघडे असू शकते. खात्री करायची तर मोबाइलच्या नेटवरून, म्हणजे घराबाहेरच्या जाळ्यातून, त्या पत्त्यावर जाऊन पाहावे.

पहिल्यांदा सुरू होताना कंटेनर एक 'प्रोफाइल' विचारात घेतो. डेटा सेंटरमधल्या भाड्याच्या सर्व्हरवर 'सर्व्हर' प्रोफाइल निवडावे. त्यामुळे नोड आजूबाजूच्या खासगी पत्त्यांवर जोडणीचे प्रयत्न करत नाही. हे केले नाही, तर सर्व्हरची कंपनी त्या प्रयत्नांना जाळ्याची टेहळणी समजून ताकीद देणारी मेल पाठवू शकते. हेच प्रोफाइल घरात लावले, की उलटी अडचण होते : एकाच वायफायवरचे दोन नोड एकमेकांना ओळखत नाहीत. आणि ही निवड फक्त नवा, रिकामा साठा तयार होतानाच लागू होते. साठा आधीच असेल तर कंटेनर पुन्हा कितीही वेळा सुरू केला तरी प्रोफाइलचा तो शब्द वाचून सोडून दिला जातो. 'सेटिंग बदलले पण फरक पडला नाही' या तक्रारीमागे अनेकदा एवढेच असते. अशा वेळी चालू नोडवर 'कॉन्फिग प्रोफाइल अप्लाय' ही कमांड द्यावी आणि कंटेनर पुन्हा सुरू करावा.

कंटेनर गेला, फाइली कुठे?

कंटेनर ही टाकून देण्याची वस्तू आहे. आवृत्ती बदलायची तर जुना कंटेनर काढून नवा लावायचा, ही डॉकरची रीतच आहे. फाइली आणि किल्ली मात्र टाकून देण्याच्या वस्तू नाहीत. साठ्याचा फोल्डर जोडायचा राहून गेला, तर पहिल्या बदलातच सगळे गेल्यासारखे दिसते. नोड नव्या नावाने जन्माला येतो, पिनची यादी रिकामी असते.

अशा वेळी घाईने 'साफसफाई'ची कमांड देऊ नये. कुबोच्या प्रतिमेत साठ्याच्या जागेसाठी व्हॉल्यूमची तरतूद आधीच केलेली असते. वापरकर्त्याने काही जोडले नाही, तर डॉकर गुपचूप एक निनावी व्हॉल्यूम तयार करतो. कंटेनर साध्या पद्धतीने काढला असेल, तर तो व्हॉल्यूम मागे राहतो, फक्त नवा कंटेनर त्याच्याकडे पाहत नाही. व्हॉल्यूमची यादी काढावी. लांबलचक अक्षरांच्या नावांपैकी एकात जुना साठा सापडण्याची चांगली शक्यता असते. तो एखाद्या तात्पुरत्या कंटेनरला जोडून आतला 'कॉन्फिग', 'ब्लॉक्स' आणि 'डेटास्टोअर' हा ऐवज दिसतो का पाहावे आणि दिसल्यास सगळेच योग्य फोल्डरमध्ये उतरवून घ्यावे. मात्र कंटेनर सुरू करतानाच 'आरएम' हा पर्याय दिला असेल, किंवा कंपोजचा संच उतरवताना 'व्ही' हे अक्षर जोडले असेल, तर निनावी व्हॉल्यूमही त्याच क्षणी गेलेला असतो. कंपोजमधले ते एक अक्षर नाव दिलेले व्हॉल्यूमही पुसते, म्हणून सवयीने ते टाइप करणे टाळावे.

प्रत काढून ठेवताना फाइलींइतकीच सेटिंगची फाइल आणि 'कीस्टोअर' महत्त्वाचे आहेत. फाइली मूळ संग्रहातून पुन्हा घालता येतात. नोडची ओळख आणि आयपीएनएसचे नाव, म्हणजे सीआयडी बदलला तरी कायम राहणारा पत्ता, हे किल्लीशिवाय परत मिळत नाही. त्या नावाचा दुवा शंभर ठिकाणी दिलेला असेल, तर ते शंभरही दुवे वाया जातात. प्रत काढली म्हणून ती दुसऱ्या संगणकावर मूळ नोडच्या जोडीने चालवू मात्र नये. एकाच ओळखीचे दोन नोड जाळ्यात आले की इतरांच्या जोडण्या कधी याच्याकडे तर कधी त्याच्याकडे जातात, आणि काय बिघडले ते लवकर उमगत नाही.

सुरूच होत नाही तेव्हा

पहिले काम म्हणजे कंटेनरचा लॉग वाचणे. डॉकरला 'नेहमी पुन्हा सुरू कर' असे सांगितलेले असले, की पडलेला नोड काही सेकंदांत उठतो आणि पुन्हा पडतो. यादीत तो कधीकधी 'चालू'च दिसतो. पुन्हा किती वेळा सुरू झाला तो आकडा पाहिला की खरे कळते.

'परवानगी नाही' असा संदेश असेल, तर फोल्डरची मालकी तपासावी. कंटेनरमधला कुबो १००० या क्रमांकाच्या वापरकर्त्याच्या नावाने चालतो. सुरुवातीला तो मालकी स्वतः दुरुस्त करून घेण्याचा प्रयत्न करतो, पण कंपोजच्या फाइलमध्ये वेगळा वापरकर्ता लिहिलेला असेल किंवा फोल्डर जाळ्यावरच्या सामायिक डिस्कवर असेल, तर ते त्याला जमत नाही. फेडोरासारख्या प्रणालीवर मालकी बरोबर असूनही नकार येत असेल, तर अडवणारा एसई-लिनक्स असतो. व्हॉल्यूमच्या जोडणीला त्याची खूण लावावी लागते.

'साठ्याला कुलूप आहे' हा संदेश बहुतांशी खरा असतो. एकाच साठ्यावर दोन कुबो चालू शकत नाहीत. बहुधा जुना कंटेनर दुसऱ्या नावाने अजून जिवंत असतो, किंवा चालू नोडला कमांड देण्यासाठी त्याच साठ्यावर दुसरा कंटेनर उभा केलेला असतो. कमांड द्यायची तर चालू कंटेनरच्या आतच 'एक्झेक'ने द्यावी. कुलपाची फाइल पुसून टाका हा सल्ला सर्रास दिला जातो, पण दुसरा कुबो चालू नाही याची खात्री केल्याशिवाय तो पाळू नये.

नोड काही तास चालतो आणि १३७ हा क्रमांक मागे ठेवून संपतो, याचा अर्थ त्याला बाहेरून मारले गेले. बहुतेक वेळा कारण मेमरी कमी पडल्याचे असते. कंटेनरच्या तपशिलात 'ओओएम-किल्ड' हो असे दिसले की शंका उरत नाही. मेमरीची मर्यादा वाढवावी, ते शक्य नसेल तर जोडण्यांची संख्या कमी करावी. डॉकर कंटेनर थांबवताना १० सेकंद थांबतो आणि मग सरळ मारतो, तेव्हाही हाच क्रमांक दिसतो. मोठ्या साठ्याच्या नोडला थांबण्यासाठी जास्त वेळ दिलेला बरा.

लॉगमध्ये 'यूडीपी बफर पुरेसा वाढवता आला नाही' अशी ओळ दिसली, की पुष्कळांना बिघाड सापडल्यासारखे वाटते. ती केवळ सूचना आहे. नोड त्यामुळे पडत नाही, क्विकचा वेग कमी राहतो इतकेच. उपाय करायचा तर यजमान लिनक्सवर जाळ्याचा पाठवण्याचा आणि घेण्याचा कमाल बफर ७५ लाख बाइटपर्यंत वाढवावा. हे काम कंटेनरच्या आत करण्याचा खटाटोप व्यर्थ आहे, ते सेटिंग यजमानाच्याच हातात असते.

चालू आहे, पण फाइल कुणालाच मिळत नाही

सर्वांत जास्त वेळ खाणारी अडचण हीच. डॉकर कंटेनरच्या नावापुढे 'हेल्दी' असे लिहितो तेव्हा त्याने फक्त आतून एक छोटा प्रश्न विचारून उत्तर घेतलेले असते. बाहेरून कुणी पोहोचू शकते का, याच्याशी त्याचा संबंध नाही.

तपास आतून बाहेर करावा. 'स्वॉर्म पिअर्स' या कमांडने किती नोड जोडलेले आहेत ते दिसते. यादी रिकामी असेल तर इंटरनेटच नाही, बाहेर जाणारी वाट बंद आहे किंवा सुरुवातीच्या ओळखीच्या नोडची यादी पुसली गेली आहे. यादी भरलेली असली तरी हुरळून जाऊ नये. त्या जोडण्या नोडने स्वतः बाहेर जाऊन केलेल्या असू शकतात.

मग 'आयडी' ही कमांड. नोड आपला पत्ता म्हणून जगाला काय सांगतो, ते तिच्यात दिसते. तिथे १७२ ने सुरू होणारे डॉकरचे आतले पत्तेच दिसत असतील आणि घराचा सार्वजनिक पत्ता नसेल, तर बाहेरचे नोड त्याला शोधणार कुठे? पोर्ट नीट उघडले असतील, तर इतर नोडशी बोलता बोलता कुबोला आपला बाहेरचा पत्ता कळतो. यजमानाच्या बाजूने ४००१ ऐवजी वेगळा क्रमांक जोडला असेल, तर मात्र हा अंदाज चुकू शकतो. तेव्हा 'अपेंड-अनाउन्स' या सेटिंगमध्ये खरा पत्ता आणि खरा पोर्ट हाताने लिहावा. पत्त्यात 'सर्किट' हा शब्द दिसला, तर नोड भिंतीआड आहे आणि मध्यस्थ नोडच्या भरवशावर आहे. हे मध्यस्थ फार थोडे वाहून नेतात. ठरलेल्या मर्यादा एका जोडणीला २ मिनिटे आणि १२८ किलोबाइट अशा आहेत. दोन नोडची ओळख करून द्यावी आणि त्यांनी पुढे थेट मार्ग काढावा, एवढीच त्यांची भूमिका आहे.

भिंत दोन प्रकारची असते. घरच्या राउटरची भिंत असेल तर ४००१ पोर्ट त्यातून यजमान संगणकाकडे वळवावे. राउटर आपोआप वाट देण्याची सोय देत असला तरी कंटेनरमधला नोड डॉकरच्या आतल्या जाळ्यात असल्यामुळे त्याची मागणी राउटरपर्यंत सहसा पोहोचत नाही, तेव्हा हे काम हातानेच करायचे. दुसरी भिंत इंटरनेट कंपनीच्या हद्दीतली. भारतातल्या मोबाइल नेटवर आणि अनेक घरगुती ब्रॉडबँडवर एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असतो. राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांदरम्यान सुरू होणारा दिसला, तर हाच प्रकार आहे, आणि राउटरमध्ये कितीही पोर्ट वळवले तरी उपयोग नाही. कंपनीकडून स्थिर सार्वजनिक पत्ता विकत घेणे, आयपीव्ही-६ वापरणे किंवा नोड भाड्याच्या सर्व्हरवर नेणे, एवढेच मार्ग उरतात.

यांत आयपीव्ही-६ चा मार्ग फुकटचा आहे, पण डॉकरचे नेहमीचे जाळे तो मुळात चालू ठेवत नाही. घरात आयपीव्ही-६ असूनही कंटेनरला त्याचा पत्ता नसतो. लिनक्सवर कंटेनरला यजमानाचेच जाळे दिले, म्हणजे 'होस्ट' पद्धत निवडली, की ही अडचण सुटते. पण मग पोर्टांच्या जोडणीचे नियम गैरलागू होतात, १२७.०.०.१ चा तो पहाराही जातो आणि ५००१ चे दार थेट यजमानाच्या सगळ्या पत्त्यांवर उघडते. होस्ट पद्धत वापरायची तर त्याआधी कुबोच्या सेटिंगमध्येच एपीआय आणि गेटवे १२७.०.०.१ ला बांधून घ्यावेत.

जोडणी ठीक असूनही फाइल सापडत नसेल, तर नोंदींकडे वळावे. दुसऱ्या एखाद्या नोडवरून 'राउटिंग फाइंडप्रॉव्ह्स' कमांडला सीआयडी दिला की ती फाइल कुणाकडे असल्याची नोंद आहे ते कळते. स्वतःच्याच नोडवरून केलेली चाचणी फसवी असते, कारण फाइल साठ्यातच असल्याने तिथे सगळे छान चालते. स्वतःचा दुसरा नोड नसेल तर 'आयपीएफएस चेक' हे ब्राउझरमध्ये चालणारे साधन आहे. नोंद आहे का आणि नोडपर्यंत पोहोचता येते का, या दोन्हींचे उत्तर ते वेगवेगळे देते. फाइल नुकतीच घातली असेल तर थोडा वेळ द्यावा. साठा फार मोठा असेल तर वेगळीच अडचण येते : लाखो तुकड्यांच्या नोंदी २२ तासांत आटोपत नाहीत आणि काही फाइली सापडतात, काही नाही. अलीकडच्या आवृत्त्यांनी हे काम दिवसभर विभागून करायला सुरुवात केली आहे. जुन्या आवृत्तीवर असाल तर आवृत्ती बदलणे, किंवा प्रत्येक तुकड्याऐवजी फक्त पिन केलेल्या गोष्टींची नोंद करायला सांगणे, हे उपाय आहेत.

डिस्क भरली

कुबोच्या सेटिंगमध्ये 'स्टोरेज-मॅक्स' नावाचा आकडा असतो, मूळचा १० जीबी. नाव वाचून ती मर्यादा वाटते, पण तिने कुणालाच अडवले जात नाही. त्या आकड्याच्या ९० टक्क्यांवर पोहोचल्यावर केर काढायला घ्यावा, असा त्याचा अर्थ आहे. आपोआप केर काढण्याची सोय डिमनला वेगळा पर्याय देऊन सुरू करावी लागते आणि डॉकरच्या प्रतिमेत ती मुळात बंद असते. तेव्हा गेटवेतून पाहिलेले, दुसऱ्यांकडून मागवलेले सगळे साठत राहते. डिस्क शंभर टक्के भरली की नोडला लिहिता येत नाही आणि कधीकधी केर काढण्याचे कामही अडते.

केर काढण्याआधी 'पिन एलएस' कमांडने पिनची यादी डोळ्यांखालून घालावी. 'अ‍ॅड' केलेली फाइल आपोआप पिन होते, कुबोच्या 'फाइल्स' विभागात ठेवलेलीही सुरक्षित असते. पण दुसऱ्याच्या नोडवरून नुसती पाहिलेली फाइल पिन नसते, आणि तिची ही शेवटची प्रत असेल तर केरासोबत तीही जाते.

जागा खाणारा दुसरा चोर डॉकरचा स्वतःचा लॉग. नेहमीच्या पद्धतीत त्याला कमाल आकार दिलेला नसतो. आकाराची आणि जुन्या फाइलींच्या संख्येची मर्यादा कंपोजच्या फाइलमध्ये पहिल्या दिवशीच लिहावी. डिस्कवर जागा दिसत असूनही 'जागा नाही' असा संदेश आला, तर आयनोड तपासावेत. कुबो प्रत्येक तुकडा वेगळ्या फाइलमध्ये लिहितो, आणि छोट्या छोट्या फाइलींची संख्याच संपलेली असू शकते.

वीज अचानक गेल्यानंतर 'रेपो व्हेरिफाय' चालवून पाहावे. खराब झालेल्या तुकड्यांची यादी ते देते. घेणारा नोड ठसा पडताळतो, त्यामुळे खराब तुकडा खरा म्हणून कुणाच्या गळ्यात पडत नाही. पण तो भरून काढायचा, तर त्याची चांगली प्रत दुसऱ्या नोडवर किंवा मूळ संग्रहात असावी लागते.

खासगी कागद इथे ठेवावेत का?

आयपीएफएस आपणहून काहीही कुलूपबंद करत नाही. सीआयडी ज्याच्या हाती लागला त्याला फाइल मिळते, आणि कोणता नोड कोणत्या सीआयडीची नोंद करतो हे जाळ्यात बसून पाहता येते. एकदा दुसऱ्या कुणी पिन केलेली फाइल परत बोलावता येत नाही. सातबारा, वैद्यकीय अहवाल किंवा घरच्यांचे फोटो ठेवायचेच असतील तर आधी स्वतः कूटबद्ध करावेत आणि त्याची किल्ली नोडपासून दूर ठेवावी. ठरावीक संगणकांपुरते बंद जाळे हवे असेल, तर 'स्वॉर्म की' नावाची सामायिक किल्ली प्रत्येक नोडच्या साठ्यात ठेवता येते. ती ठेवल्यावर सुरुवातीच्या सार्वजनिक नोडची यादी काढून टाकावी आणि आपल्याच एका नोडचा पत्ता तिथे लिहावा. अशा बंद जाळ्यात क्विक चालत नाही, सगळे टीसीपीवर होते. यूडीपीचे पोर्ट तिथे उघडण्याची गरजच उरत नाही.